सहदेवरावांच्या बोलण्याची वही

"पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची," आप्पा मला म्हणाले होते. "डाव्या अंगाला समोरच्यानं काय कबूल केलं ते लिहायचं, उजव्या अंगाला आपण काय कबूल केलं ते. दोन्हीकडे वार, वेळ आणि ऐकायला कोण होतं त्याचं नाव. त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत. दुसऱ्या दिवशी माणसाला आठवतं ते त्याच्या सोयीचं."

आप्पा म्हणजे माझे वडील. पुण्याच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षे शिरस्तेदारी केली. त्या तीस वर्षांत, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, त्यांना खरे बोलणारी माणसे पुष्कळ भेटली, पण दोघांचे खरे सारखे निघाले असे एकदाही झाले नाही. मी सासरी ठाण्यास निघाले तेव्हा त्यांनी मला लाल खारव्याच्या बांधणीची दोनशे पानी कोरी वही दिली. माझ्याबरोबरीच्या मुलींना निघताना काय काय मिळाले ते मी येथे सांगत बसत नाही. मला वही मिळाली.

मी हसले. "मला लिहायला कशाला लागतं, आप्पा? मला पाठ असतं." ही बढाई नव्हती. ट्रेनिंग कॉलेजात असताना युरोपातल्या नद्या मी उगमापासून मुखापर्यंत एका दमात म्हणत असे, आणि तपासनीस बाईंनी मध्येच अडवून उलट म्हणायला लावल्या तर मुखापासून उगमापर्यंतही. "आणि उजव्या अंगाला काय लिहू? मी घरात बसणार. मी कोणाला काय कबूल करणार आहे?"

"बरं," आप्पा म्हणाले. शिरस्तेदार 'बरं' म्हणतो तेव्हा ते त्याने कोठेतरी टिपून ठेवलेले असते, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

वही मी पेटीच्या तळाशी टाकली. तिच्यावर तीन वर्षे लुगडी राहिली.

आमचे बिऱ्हाड कोपरीस, स्टेशनाच्या पूर्वेला. घरातून कलेक्टर कचेरीत जायला पायी अर्धा तास, म्हणून 'हे' रोज साडेनऊला निघतात. मधु झाला त्याच्या आधी वर्षभर मी मुलींच्या शाळेत शिकवीत होते, म्हणून आसपासचे लोक मला अजून मास्तरीणबाई म्हणतात. मधु सात महिन्यांचा झाला त्या कार्तिकात खाडीपलीकडे कळव्यास देवी आल्याची बातमी आली, आणि तेव्हापासून मला झोप नव्हती. मधूच्या कानामागे घामोळ्याचा दाणा दिसला तर मी तो दिवसातून अकरा वेळा मोजीत असे. एकच दाणा, अकरा वेळा. हे म्हणत, "मोजून मोजून एखादा वाढायचा." अशा माणसाशी काय बोलावे.

मधूला देवी काढून घ्यायच्या होत्या. आमच्या भागात ते काम सहदेवरावांकडे. ते सरकारी खात्याचे देवी काढणारे, पण लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत आणि ते म्हणू देत. त्यांची रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्या मुलाला देवी काढून आठ दिवस झाले त्याच्या दंडावर फोड आलेला असतो. त्या फोडातले पाणी सुईच्या टोकावर घ्यायचे, पुढच्या मुलाच्या दंडावर चरा पाडायचा आणि त्यात ते लावायचे. पुढच्याला आठ दिवस झाले की त्याच्या दंडातून त्याच्यापुढच्याला. अशी ही मुलांची साखळी. साखळीत एक मोठी खोट होती. दुसऱ्याच्या मुलाच्या दंडातून घ्यायला प्रत्येक आई तयार, आणि आपल्या मुलाच्या दंडातून द्यायला कोणी नाही. मुलाचे सत्त्व जाते म्हणे. त्यामुळे सहदेवरावांनी टेंभी नाक्यावर देवी काढल्या की बरोबर आठव्या दिवशी निम्मा टेंभी नाका माहेरी गेलेला असे.

मी शिकलेली. सत्त्वबित्त्व मी मानीत नाही. पण मधूच्या दंडातून घेऊ द्यायचे नाही असे माझेही ठरलेले होते. कारण मी सांगितले नाही, मला कोणी विचारलेही नाही.

आता सहदेवरावांशी बोलायचे कसे हा प्रश्न. सासूबाई असत्या तर त्यांनीच सारे ठरवले असते, पण त्या नाशिकला वन्संच्या बाळंतपणाला गेलेल्या. हे कचेरीत. परक्या पुरुषाशी घरात एकट्या बाईने समोरासमोर बोलणे काही बरे दिसत नाही. म्हणून मी सगळ्या जशा बोलतात तशी बोलले, पाळण्याशी. दाराआड उभी राहून पाळण्याला विचारले, "बाळ, विचार बरं यांना, केव्हा येणार आहेत?" सहदेवराव सभ्य गृहस्थ. त्यांनी अंगणातल्या तुळशीकडे पाहून उत्तर दिले, "येत्या गुरुवारी, नऊच्या आत." तुळशीला मान लववली आणि गेले. यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. घरोघर असेच चालते.

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारी नाहीत. शनिवारी रस्त्याने जाताना दिसले म्हणून मी पाळण्याला जरा मोठ्याने विचारले, की गुरुवारचे काय झाले. सहदेवराव थांबले आणि तुळशीला म्हणाले, "मी बुधवारी म्हटलं होतं. बुधवारी आलो, दार बंद होतं."

बुधवारी मी दिवसभर घरात होते. दार उघडे होते. दारात मी तांदूळ निवडत बसले होते.

"असं होतं," सहदेवराव तुळशीला समजावू लागले. "बाळंतपणानंतर बायकांची आठवण जरा पातळ होते. वर्षभरात येते परत."

व्होल्गा, डॅन्यूब, नीपर, डॉन. मी तेथल्या तेथे मनात सगळ्या म्हणून पाहिल्या. एकही पातळ झालेली नव्हती. ते गेल्यावर मी पेटी उपसली आणि तळाची वही काढली.

पहिल्या पानावर उभी रेघ मारली. उजवे अंग मला लागणार नव्हते. त्या बाजूला एखादे वेळी मधूचे दात लिहीन असे ठरवले.

वहीची बातमी वर राहणाऱ्या यमूकाकूंना तासाभरात कळली. यमूकाकूंचे यजमान वकील, त्यामुळे कायद्याचे सल्ले त्यांच्या तोंडी हळदीकुंकवासारखे सहज. "नुसतं लिहून काय उपयोग," त्या जिन्यातून म्हणाल्या. "वाचून दाखवायचं. मग खाली 'वरील बोलणे झाले' असं लिहून त्याची सही घ्यायची. आणि साक्षीदार. साक्षीदार मी होते. मी खिडकीत असतेच."

मागच्या आळीतल्या जुलियाबाईंना हे पटले नाही. जुलियाबाई म्हणजे सुईण, मधु त्यांच्याच हातावर जन्मला, आणि तेवढ्या हक्काने त्या मला वाटेल ते बोलत. "अगो, वही कशाला," त्या म्हणाल्या. "तुला त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या तोंडाकडे बघून बोल ना. तू पाळण्याशी बोलते, तो झाडाशी बोलतो. मग कोण कोणाला काय म्हणालं, ते पाळणा सांगणार काय?"

"आमच्यात तसं नसतं," मी म्हटले.

"मग सोड," त्या म्हणाल्या आणि मधूचे पोट चाचपून गेल्या.

सराव म्हणून मी आधी घरातल्या किरकोळ माणसांवर वही चालवली. गवळी म्हणाला, उद्या लवकर येतो. मी विचारले, लवकर म्हणजे किती वाजता, आणि लेखणी बुडवली. तो लेखणीकडे पाहत राहिला, नंतर दूध तसेच घेऊन परत गेला. भटजींनी मधूच्या बोरन्हाणाला येण्याचे कबूल केले होते. मी तेच दोनदा म्हणायला लावून सही मागितली, तर त्यांनी जानव्याला हात लावून सांगितले की त्यांच्या घराण्यात आजवर कोणी सही केलेली नाही. आमच्या यांनी तर कहरच केला. रविवारी तलावपाळीवर फिरायला जाऊ असे जेवताना म्हणाले, ते मी लिहिले. रविवारी गेलो नाही तेव्हा पान उघडून दाखवले. त्या दिवसापासून आमच्या घरात 'पाहू' याखेरीज दुसरे क्रियापद ऐकू आले नाही. जेवणार का, पाहू. छत्री नेणार का, पाहू. नवरा असून त्याच्या तोंडचे एक वाक्य लिहिण्याजोगे मिळू नये, याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

पण सहदेवराव आले. पुढच्या गुरुवारी, साडेआठला, बरोबर टेंभी नाक्यावरच्या एका हवालदाराची बायको आणि तिचा गुटगुटीत मुलगा. त्याच्या दंडातून मधूला लावायचे होते. मी त्या मुलाला आधी उजेडात नेले. कान, मान, काखा, पायांच्या बोटांच्या बेचक्या, सगळे पाहिले. त्याची आई माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मी तो बाजारातल्या जिनसेसारखा परत पाठवणार आहे. मुलगा निरोगी होता. मग मी वही उघडली आणि पाळण्याला एकेक विचारून, तुळशीचे उत्तर ऐकून, लिहीत गेले. खोटे एक अक्षर लिहायचे नाही ही आप्पांची शिकवण, त्यामुळे जसे घडले तसे लिहिले:

'गुरुवार, सकाळी साडेआठ. मी पाळण्यास विचारले, सुई धुतली आहे का. सहदेवरावांनी तुळशीस सांगितले, होय. मी पाळण्यास विचारले, फोड धरला की नाही हे पाहण्यास केव्हा येणार. सहदेवरावांनी तुळशीस सांगितले, पुढील गुरुवारी नऊच्या आत. मी पाळण्यास सांगितले, मधूच्या दंडातून लस घेऊ देणार नाही. सहदेवरावांनी तुळशीस सांगितले, घेणार नाही. खिडकीतून ऐकणाऱ्या, यमूकाकू.'

खाली 'वरील बोलणे झाले', आणि त्याखाली सहदेवरावांची सही, शेपटीसह. यमूकाकू वरून म्हणाल्या, "आता सुटत नाही."

मधूच्या दंडावर दोन चरे पडले. मधु रडला, मी रडले, हवालदाराचा मुलगा रडला. त्याची आई तेवढी रडली नाही. ती मुलाला उचलून माझ्याकडे न बघता गेली. ती कोणत्या नावाची, हे मी वहीत लिहिले नाही, कारण तिने मला काही कबूल केलेले नव्हते.

आठवा दिवस उजाडला. मधूच्या दंडावर दोन फोड, मोत्यासारखे, मध्ये खळगा. मला ते चांगले वाटले, पण मला वाटून उपयोग काय. सहदेवरावांनी पाहून 'धरली' असे म्हटले तरच ती धरली. नाही म्हटले तर पुन्हा चरे, आणि कळव्याची बातमी आता कोपरीच्या खाजणापर्यंत येऊन ठेपलेली. मी ओटा सारवून, वही मांडून बसले.

सहदेवरावांच्या आधी दुसरेच कोणी आले. मिठागरावर काम करणारी बायजा. तिला मी ओळखत होते ते दुरून, मिठाची पाटी डोक्यावर घेऊन दारावरून जाणारी म्हणून. आज पाटी नव्हती. कडेवर चार महिन्यांची मुलगी. ती सरळ ओट्याच्या पायरीवर टेकली.

"काय गं, काय हवंय?" मी विचारले.

"देवीवाल्यान बोलवलान," ती म्हणाली. "मास्तरीणबायचे पोराच्या दंडाशी घेऊन माजे लक्ष्मीला लावणार. आज. त्यान माना सांगलान."

"केव्हा सांगितलं?"

"गेल्या सोमवारी. बांधावरच्या फणसाच्या झाराखाली. मी बोल्ले, नक्की काय? तो बोल्ला, नक्की. मी बोल्ले, तोंड वर कर आनि बोल. त्यान तोंड वर केलान आनि बोल्ला, नक्की."

मी वही उघडून तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून वाचून दाखवली. घेणार नाही, सही. तिने सहीकडे मान वाकडी करून पाहिले.

"माझा कागद नाय," ती म्हणाली. "पन तो बोल्ला." आणि ती तशीच बसून राहिली.

हा माणूस एका दंडाचे दोघींना वचन देऊन बसला होता. मला घेणार नाही म्हणून, तिला घेणार म्हणून. माझा संताप काय वर्णावा. मी यमूकाकूंना हाक मारली. त्यांनी खिडकीतून निकाल दिला की लेखी असताना तोंडी चालत नाही, आणि त्या बाईला उठवावे. बायजा उठली नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले. यांनी निघताना विचारले, "ही कोण?" मी सांगितले. "मग काय करणार?" मी म्हटले. हे म्हणाले, "पाहू."

दहाला यमूकाकूंच्या यजमानांच्या कारकुनाने खबर आणली. सहदेवराव सकाळच्या गाडीने कल्याणला गेले. तेथे कचेरीच्या ओसरीवर खात्याचे इन्स्पेक्टर अल्फान्सो साहेब दफ्तर तपासायला आले आहेत.

म्हणजे पळाले. आठवा दिवस हातातून चालला होता; उद्या फोडातले पाणी गढूळ होणार आणि परवा धरली की नाही हे कोणाला सांगताही येणार नाही. मी मधूला दुपट्यात गुंडाळले, वही काखेत मारली आणि जुलियाबाईंना बोलावले, कारण एकटीने कल्याणला जाणे शक्य नव्हते. जुलियाबाई चपला घालूनच आल्या. बायजा न बोलावता मागून आली. बायकांच्या डब्यात आम्ही तिघी आणि दोन पोरे. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा दोन्ही पोरे एकदम रडू लागली, आणि उजेड आला तेव्हा मी पाहिले, की माझ्या एका हातात मधूचा पाय होता आणि दुसऱ्यात लक्ष्मीचा.

"ताय," बायजा म्हणाली, "माजी मोठी गेल्या शिमग्याला गेली. याच दुखन्यान." तिने हे जसे वेळ सांगावी तसे सांगितले. वही काखेत टोचत होती ती दुसऱ्या बाजूला घेतली.

कल्याणच्या कचेरीच्या ओसरीवर अल्फान्सो साहेब टेबलापाशी बसले होते. वसईकडचे गृहस्थ, गोल चष्मा, मराठी आपल्या आप्पांसारखी स्वच्छ. शेजारी सहदेवराव उभे. आम्हाला पाहताच त्यांनी तुळस शोधली. ती तेथे नव्हती. मग त्यांनी पाण्याच्या रांजणाकडे पाहायला सुरुवात केली.

मी जुलियाबाईंना म्हटले, "सांगा साहेबांना, माझी तक्रार आहे."

"मी नाय सांगणार," जुलियाबाई म्हणाल्या. "तोंड आहे तुला."

तोंड होते, पण उघडेना. म्हणून मी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी आधी मुलाच्या वडिलांचे नाव विचारले. ते मी कसे घेणार. कागदावर लिहून दिले. मग साहेबांनी माझे पान मोठ्याने वाचायला घेतले, एकेक वाक्य, घोगऱ्या आवाजात, आणि आजवर सुंदर वाटलेली ती नोंद मला प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली. साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, हे असंच घडलं?"

मी मान हलवली.

"शब्दन् शब्द?"

मी पुन्हा हलवली, जरा अभिमानानेच.

"म्हणजे आपण सहदेवरावांना काहीच विचारलं नाहीत. आपण पाळण्याला विचारलंत."

साहेबांनी बोट पुढच्या ओळीवर नेले.

"आणि सहदेवरावांनी आपल्याला काहीच कबूल केलं नाही. त्यांनी तुळशीला कबूल केलं."

"नाही ना साहेब," सहदेवराव रांजणाला म्हणाले. "परस्त्रीशी मी बोलतच नाही."

"सही आहे त्यांची," मी म्हटले. हे शब्द मी कोणाला उद्देशून म्हटले ते मला आजही सांगता यायचे नाही. टेबलाला असावेत.

"सही 'वरील बोलणे झाले' याखाली आहे," साहेब म्हणाले. "बोलणं झालंच. कोणाचं कोणाशी, ते आपणच वर लिहिलंत. इतकी खरी नोंद मी नोकरीत पाहिली नाही." मग ते बायजाकडे वळले. "तुला काय सांगितलं होतं यांनी?"

बायजाने सांगितले. सोमवार, बांध, फणस, नक्की, तोंड वर कर, नक्की. सकाळी मला सांगितले होते त्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"हे खरं, सहदेवराव?"

सहदेवरावांनी रांजणावरची नजर काढली. "खरं आहे साहेब. काय करू? एका दारी 'घेणार नाही' म्हटल्याशिवाय मुलाला हात लावू देत नाहीत. दुसऱ्या दारी 'आणतो' म्हटल्याशिवाय थांबत नाहीत. आठव्या दिवशी एक दंड मिळाला नाही की साखळी तुटली. गेल्या साली अशीच तुटली, मिठागरावर पोचलीच नाही." एवढे म्हणून ते खाली पाहू लागले, आणि यावेळी खाली काहीच नव्हते.

गेल्या साली. शिमग्याला. मला हिशेब कळायला युरोपातल्या नद्या पाठ असण्याची गरज नव्हती.

"तेव्हा दफ्तरी पाहता," अल्फान्सो साहेब म्हणाले, "आज जे वचन दिलं गेलं आहे ते एकच, या बाईला दिलेलं. पण मूल आपलं आहे. आपण नको म्हणालात तर मी सहदेवरावांना सुई लावू देणार नाही. हो की नाही, ते आपण सांगा."

ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली मी, दोनशे पानी वहीची मालकीण, भर कचेरीत हरले होते, आणि तेही कधी पाटीपेन्सिल हातात न धरलेल्या बाईपुढे. मला फार राग आला होता. तो सहदेवरावांचा होता, साहेबांचा होता, त्या वाक्यांचा होता आणि आणखी कोणाचा तरी होता, ज्याचे नाव घ्यायला मी तेव्हा तयार नव्हते. पाळणा कोपरीला राहिला होता. बायजा माझ्याकडे बघत होती. तिला दुसरीकडे बघायची सवयच नव्हती.

मी सहदेवरावांच्या तोंडाकडे पाहिले. त्यांच्या डाव्या गालावर देवीचे वण आहेत हे मला इतक्या दिवसांत माहीत नव्हते.

"घ्या," मी म्हटले. "पण सुई माझ्यासमोर धुवा."

सहदेवराव दचकले. त्यांनी सुई धुतली. मधूचे दोन्ही फोड पाहून म्हणाले, "उत्तम धरली," आणि हे त्यांनी मला सांगितले, कोणत्याही झाडाला नाही. मग फोडाला टोक लावले. मधु रडलाही नाही. त्याला जुलियाबाईंच्या मण्यांची माळ सापडली होती. लक्ष्मीच्या डाव्या दंडावर दोन चरे पडले, खांद्याच्या दोन बोटे खाली.

परतताना ठाण्याच्या स्टेशनावर बायजाने माझा हात धरला. "ताय, येत्या गुरवारी तू ये गं. धरली काय नाय, तुला कलते. ह्याचा काय भरवसा? आला तर आला."

"येईन," मी म्हटले.

"नक्की?"

मी तिच्या तोंडाकडे पाहून म्हटले, "नक्की."

तो आठवडा माझा कसा गेला ते ऐका. साक्षीदार असलेली, सही असलेली नोंद पाळण्याच्या नावावर खारीज होते, हा अन्याय मी सहन करणार नव्हते. मी वरिष्ठांकडे अर्ज लिहायला घेतला. यमूकाकूंनी यजमानांचे कलमवार नमुने दिले. पहिल्या कलमात मी सिद्ध केले की पाळण्याला विचारणे म्हणजे पाळण्याजवळच्या माणसाला विचारणे. दुसऱ्यात घरोघरचा रिवाज. सातव्या कलमापर्यंत बारा पाने झाली. हे म्हणाले, "पाठवणार हे?" मी म्हटले, "पाहू." बुधवारी पहिली नक्कल, गुरुवारी सकाळपासून दुसरी आणि तिसरी. गुरुवारी संध्याकाळी हे घरी आले ते अलिबागेस बदलीचा हुकूम घेऊनच. सोमवारी हजर व्हायचे होते. भांडी बांधली, पाळणा सोडला, तुळस यमूकाकूंना दिली.

अर्ज पाठवला नाही. आठ दिवसांनी अलिबागेला पेटीतून वही काढली, मधूचा पहिला दात लिहावा म्हणून उजव्या अंगाकडे आले, आणि तेथे थांबले. पहिल्या पानापासून त्रेचाळिसाव्या पानापर्यंत डावे अंग गच्च भरलेले. सहदेवराव, गवळी, भटजी, हे. उजवे अंग कोरे. त्यात एक ओळ असायला हवी होती, बायजाच्या गुरुवारची, आणि ती तेथे नव्हती म्हणून त्या गुरुवारी मी ओट्यावर बसून तिसरी नक्कल करीत होते.

मी स्वस्थ बसले नाही. जुलियाबाईंना पत्र टाकले. त्या लेकीच्या बाळंतपणाला वांद्र्यास गेल्याचे त्यांच्या शेजाऱ्याने कळवले. यमूकाकूंना लिहिले. त्यांचे उत्तर आले की खाजणाकडे आमचे कोणी जात नाही, आणि तुळस छान वाढली आहे. अल्फान्सो साहेबांना लिहिले. त्यांनी उलट टपाली कळवले की सहदेवरावांची नेमणूक पौषापासून वाडा तालुक्यात झाली, आणि दफ्तरात लक्ष्मीच्या नावापुढे 'देवी काढल्या' असा शेरा आहे. 'धरल्या' हा रकाना रिकामा आहे. आप्पांनाही लिहिले. आप्पांचे एका ओळीचे कार्ड आले: उजवे अंग.

आता माघ चालू आहे. शिमगा पुढच्या महिन्यात.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी जे कोणी ठाण्यास असाल त्यांना विनंती आहे. कोपरीहून खाजणाकडे जा. मिठागराचा मोठा बांध लागतो, त्यावर एकच फणसाचे झाड आहे. त्याच्या पलीकडच्या झोपड्यांत बायजाला विचारा. तिच्या मुलीचा, लक्ष्मीचा, डावा दंड पाहा, खांद्याच्या दोन बोटे खाली. दोन वण असतील, वाटोळे, मध्ये जरा खोल. नसतील तर त्याच दिवशी तिला घेऊन कल्याणच्या कचेरीत जा, अल्फान्सो साहेबांना भेटा आणि त्यांच्या तोंडाकडे बघून बोला. दोन्हीपैकी काहीही असले तरी मला अलिबागेस कळवा. बायजा विचारील की मास्तरीणबाई का आली नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, तेव्हा बनवून सांगू नका.

आणि जाईन असे ठरवलेत तर ते आत्ताच, उठण्याच्या आधी, कोठेतरी लिहून ठेवा.